पौषातल्या बांगड्या

१

शुक्रवारी दुपारी माईंची बोरमाळ गेली आणि दिवेलागणीच्या आत राजारामपुरीतल्या त्या गल्लीनं चोर ठरवूनही टाकला.

माई डोळ्यांच्या दवाखान्यातून एकट्याच परतत होत्या. गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेली पिठाची गिरणी आहे, तिच्या पायरीवर त्या बसलेल्या सापडल्या. कपाळ पिवळं, पदर पिवळा, गळा मोकळा. डोक्यावरच महापालिकेची पाटी होती. सार्वजनिक जागी भीक मागताना वाट अडवणे, अंगाला हात लावणे, मागे लागणे, शाप देणे यास मनाई. पाटी इतकी नवी, की तिच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता.

माईंनी सांगितलं ते थोडक्यात असं. हिरव्या लुगड्यातली एक बाई आडवी आली. जोगवा घाल म्हणाली. नाही म्हटल्यावर तिनं तोंडावर भंडारा फेकला आणि गळ्याला हात घातला.

हिरवं लुगडं आणि भंडारा म्हटल्यावर गल्लीला दुसरं नाव सुचायचं कारण नव्हतं. यल्लम्माची परडी डोक्यावर घेऊन निलव्वा जोगतीण दर मंगळवारी आणि शुक्रवारी याच गल्लीत यायची. पोलिसांनी तिला गिरणीच्या मागच्या बोळातच गाठलं. माळ तिच्याजवळ नव्हती. पण साथीदाराकडं दिली असेल, असं म्हणायला काय लागतं? सोमवारी तिला कोर्टापुढं उभं करायचं आणि तिथून गावाबाहेरच्या भिक्षेकरी गृहात पाठवायचं, असं बोललं जाऊ लागलं.

शेजारच्या बंगल्यात राहणाऱ्या अवंतिका काणे यांनी हे सगळं ऐकलं आणि चहाचा कप तसाच ठेवला. नोकरीत असेपर्यंत त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं होतं. प्रयोगशाळेत पोरांना त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. आधी बघा, मग लिहा. इथं तर सगळ्यांनी आधी लिहून टाकलं होतं.

कुरुंदवाडहून लग्न होऊन त्या या गल्लीत आल्या, तेव्हा इथं क्लास नव्हते, दवाखाने नव्हते. बंगल्याबंगल्यापुढं पारिजातक होते आणि गिरणीचा पट्टा दिवसभर फटफटत असायचा. शुक्रवारी त्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळायचा. एका तारेच्या चौंडक्याचा, तुंग तुंग. मग माई फाटकातून हाक मारायच्या, "अवंती, जोगवा आणलास का ग?" नव्या सुनेनं ओंजळभर जोंधळे घेऊन पळत जायचं. ते चौंडकं निलव्वाचंच असायचं. तेव्हा तिचे केस काळे होते.

त्यांनी चप्पल पायात सरकवली.

२

माई पलंगावर बसून काहीतरी शिवत होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. शिवू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याला त्या चाचपडत टीप घालत होत्या. अवंतिकाबाई दिसताच त्यांनी ते उशीखाली सारलं. एक इवलीशी बाही मात्र बाहेर राहिली.

"झबलं?" अवंतिकाबाईंनी विचारलं.

"लागतं ग कुणाला ना कुणाला."

माईंचा मुलगा दत्तप्रसाद दारात उभा होता. बोरमाळ आईच्या आईची, असं तो म्हणाला. ती आजीनं आईच्या ओटीत घातली होती, आईला पहिलं मूल झालं तेव्हा. पहिलं मूल म्हणजे स्नेहल, हे त्यानं म्हटलं नाही. धाकटी बहीण त्याला नव्हतीच, आणि गेली कित्येक वर्षं थोरलीही नव्हती. स्नेहलनं पन्हाळ्याच्या आकारामशी लग्न केलं, तिथं त्याच्याबरोबर खानावळ घातली, आणि त्या दिवसापासून या घरात तिचं नाव निघायचं बंद झालं.

"हे असले लोक गल्लीत फिरू द्यायचे म्हणजे काय?" दत्तप्रसाद म्हणाला. "नियम आहे तो कशासाठी?"

अवंतिकाबाईंनी माईंना पुन्हा सगळं विचारलं. माई तेच बोलल्या, थोडं अधिक रंगवून. लुगडं हिरवंगार होतं. कपाळभर मळवट होता. "आणि हात पुढं आला तेव्हा बांगड्या किणकिणल्या ग. कोपरापर्यंत हिरवा चुडा. तो आवाज अजून कानात आहे."

डोळ्यांचं कसं काय, असं विचारल्यावर सून ऋता पुढं आली. तिनं माईंना लगेच दवाखान्यात नेलं होतं. नशीब थोर, डोळ्यात कणभरसुद्धा गेलं नव्हतं, डॉक्टरांनाही नवल वाटलं. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा टेबलावर होता. अवंतिकाबाईंनी तो उजेडात धरून पाहिला. काचा स्वच्छ, कडांच्या खोबणीही स्वच्छ.

"हा पुसलास का?"

"नाही मावशी. माईंच्या पिशवीत होता, पेटीत घातलेला."

मोरीत माईंचं लुगडं भिजत पडलं होतं. ऋता कावली होती. साबणाच्या पाण्यात घातलं तरी डाग हलेना आणि बादलीतलं पाणी मात्र पिवळंजर्द. आधीच लेकीच्या गॅदरिंगमधल्या गोंधळाच्या नाचानं घरभर भंडारा झाला होता, उरलेला पुडा देवघरात ठेवला तर तिथली फरशी रंगली, आणि आता हे. बोलता बोलता ती डाग चोळत होती आणि तिच्या हातातला संक्रांतीला भरलेला हिरवा चुडा खळखळ वाजत होता.

अवंतिकाबाईंनी त्या चुड्याकडं पाहिलं. मग बादलीकडं. काहीतरी चुकत होतं, आणि काय ते त्यांच्या अजून हाताला लागत नव्हतं.

"ऋता," त्या म्हणाल्या, "हे आज धुऊ नकोस. तसंच राहू दे."

३

चौकीतली उपनिरीक्षक प्रियदर्शनी एकेकाळी त्यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. ती उठून उभी राहिली.

"बाई, मलापण पटत न्हाय. खरं वर्णन जुळतंय की. आणि साक्षीदार हाय."

साक्षीदार म्हणजे कोपऱ्यावरचे वह्यापुस्तकांचे दुकानदार अमरसिंह. नियम व्हावा म्हणून सह्या गोळा करत तेच फिरले होते. ते तिथंच बाकावर होते आणि त्यांना लपवायचं काही नव्हतं. निलव्वाला त्यांनी दुपारी गिरणीकडं जाताना पाहिलं होतं. माळ ओढताना पाहिलं का, या प्रश्नाला मात्र त्यांनी मान हलवली.

"बाई, माझा त्या म्हातारीवर राग न्हाय," अमरसिंह म्हणाले. "सिग्नलला गाडी थांबली की काखंला पोर मारून काच बडवत्यात. परवा आमच्या मंडळींची ओढणी धरून ओढली. न्हाय दिलं तर शिव्याशाप. किती दिवस सोसायचं? नियम आणला तर मी वाईट?"

त्यात खोटं काही नव्हतं. अवंतिकाबाईंनाही असे हात लागलेले होते आणि ते आवडले नव्हते. नियम ज्यांच्यासाठी होता ती माणसं वेगळी, एवढंच त्या म्हणाल्या.

"नियमाला कुठं कळतंय बाई, कोण वेगळं?" अमरसिंह म्हणाले, आणि तेही खोटं नव्हतं.

निलव्वा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. परडी तिनं मांडीवर घेतली होती. तिनं मागितलं ते एवढंच, "माझी परडी भुईला ठिवू नगासा." बाकी सगळं तिनं पडेल आवाजात सांगितलं. माई पुढनं गेल्या. डोळ्याला काळा चष्मा होता. बऱ्या हाय का माई, असं विचारलं, तर बोलल्या नाहीत. "दिसलं नसंल म्हणलं. त्येंच्या डोळ्याचं झालंय न्हवं." मग ती मागच्या बोळात गेली.

"चष्मा डोळ्यावर होता? नक्की?"

"व्हता की."

बोलताना तिनं परडीवरचा खण नीट केला, आणि अवंतिकाबाईंची नजर तिच्या मनगटांवर थांबली. दोन्ही हात मोकळे होते. एक काकणसुद्धा नव्हतं.

कुरुंदवाडच्या घाटावरची एक सकाळ त्यांना आठवली. आई धुणं धूत होती. पायरीवर एक जोगतीण येऊन बसली होती आणि लहानग्या अवंतिकानं सरळ विचारलं होतं, तुझ्या बांगड्या कुठं गेल्या? आईनं चिमटा काढला. जोगतीण हसली होती. "देवीचं कुकू पुसलंय बाळे. मार्गसरच्या रांडाव पुनवंला तिचा चुडा फुटला, तवा आमचाबी फुटला. माघातल्या अहेव पुनवंला तिला परत भरायचा, मग आमाला. तवर हात मोकळं."

नदीवर धुकं होतं त्या दिवशी. आईच्या हाताला साबणाचा फेस होता.

अवंतिकाबाई बाहेर आल्या. "प्रियदर्शनी, सध्या महिना कुठला?"

"जानेवारी."

"पौष. यल्लम्माची जोगतीण पौषात बांगडी घालत नाही. देवी विधवा असते या महिन्यात. माईंनी कोपरापर्यंत चुडा ऐकला."

प्रियदर्शनीनं क्षणभर विचार केला. बांगड्या घालून चोरी करायची आणि मग काढून टाकायच्या, असं झालं नसेल कशावरून, असं तिनं विचारलं. वर्गातही ती अशीच अडवायची.

"झालं असेलही. पण देवीचा नेम मोडून तिनं त्या घालायच्या कशाला? आपल्याला ओळखावं म्हणून?"

"मग बाई, जोगतिणीचं सोंग कुणीतरी दुसऱ्यानंच घेतलं."

"ज्याला रांडाव पुनव माहीत नाही, अशा कुणीतरी," अवंतिकाबाई म्हणाल्या. "आणि अजून एक गोष्ट तपासायची आहे. धुण्याचा सोडा मिळेल का इथं?"

४

चौकीच्या टेबलावर दोन बशा मांडल्या. दोन्हींत सोड्याचं पाणी. निलव्वानं आपल्या हातानं परडीतला चिमूटभर भंडारा काढून दिला. ती अजून अख्खी हळकुंडं आणून घरच्या जात्यावर दळायची. अवंतिकाबाईंनी तो पहिल्या बशीत सोडला. पाणी बघता बघता तांबडं झालं, विटेच्या रंगाचं.

"हळदीला साबण लागला की लाल होते," प्रियदर्शनी पुटपुटली. "आईच्या पदरावर कितीदा बघितलंय."

दुसऱ्या बशीत अवंतिकाबाईंनी माईंच्या पदराचं पिवळं टोक बुडवलं. ते मुद्दाम मागून आणलं होतं. सगळे वाकून बघत होते, अमरसिंहसुद्धा. पाणी पिवळं झालं. आणि पिवळंच राहिलं.

"ऋताची बादलीही पिवळीच होती," अवंतिकाबाई म्हणाल्या. "तिथंच मला खटकलं होतं. हा भंडारा नव्हे. ही रंगवलेली भुकटी. स्टॉलवर पुड्यातून मिळते. नातीच्या नाचातला उरलेला असाच पुडा त्यांच्या देवघरात आहे."

 मग प्रियदर्शनीनं वही मिटली आणि सावकाश म्हणाली, "तसला पुडा माईंच्या देवघरात हाय, असं तुम्हीच म्हणताय. आणि हिरवा चुडा सुनेच्या हातात हाय, जबाब घेताना मीच बघितलाय."

तिनं टोपी उचलली.

"थांब," अवंतिकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम थकलेला वाटला. "फेकलेली भुकटी निवडून पडत नाही. कपाळावर पडते, तशी चष्म्यावर पडते, डोळ्यातही जाते. माईंच्या कपाळावर होती, पदरावर होती. चष्म्यावर एक कण नाही. निलव्वा म्हणते चष्मा डोळ्यावर होता, आणि सापडला तो पेटीत, पिशवीत. तो कुणी काढून ठेवला? डोळ्यांत जाऊ नये म्हणून एवढी काळजी कोण घेईल? चोर?"

प्रियदर्शनी हळूच खाली बसली.

"मला आधी एकटीला जाऊ दे," अवंतिकाबाई म्हणाल्या.

५

अवंतिकाबाई या घरात पहिल्यांदा आल्या तेव्हा माईंनीच त्यांची ओटी भरली होती. लोणच्याला मीठ किती, सासूबाईंना उलट उत्तर न देता आपलं कसं करून घ्यायचं, हे सगळं माईंनी शिकवलं. आता त्याच माईंपुढं बसून काय बोलायचं, हे पायऱ्या चढेपर्यंत त्यांना सुचलं नव्हतं. म्हणून त्यांनी उशीखालचं झबलं काढून मांडीवर ठेवलं आणि टीप पाहिली. वाकडीतिकडी होती, पण घट्ट.

"मुलगा की मुलगी?"

माईंचे हात पदराशी गेले. 

"मुलगी," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात आली होती स्नेहल, तिला घेऊन. इवलंसं नाक, अगदी स्नेहलचं. पट्टी काढल्यावर मला पहिल्यांदा नीट दिसलं ते तेवढंच."

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. बोरमाळ आईकडून लेकीकडं जायची, लेकीला पहिलं मूल झालं की. हे माईंच्या आईनं केलं, आजीनं केलं. माई कशा चुकवणार? पण गळा रिकामा दिसला असता, दत्तप्रसादनं विचारलं असतं. त्यानं एकदा सांगितलं होतं, तिचं नाव निघालं तर मी या घरात जेवणार नाही. आणि त्यानं ते करून दाखवलं होतं. ऋताच्या लेकीनं ती पाटी मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा माईंच्या मनात भिकारणीचं हे नाटक आलं. आज दवाखान्यात माळ स्नेहलच्या हातात ठेवली, आणि येताना देवघरातला पुडा पिशवीत होताच; गिरणीपाशी चष्मा काढून ठेवला आणि भुकटी कपाळाला, पदराला फासली.

"पण तो भंडारा नव्हता माई."

"पिवळा भंडारा हळदीचा नसतो, असं कधी झालंय का ग?" माईंना खरोखर कळलं नव्हतं. त्यांच्या आयुष्यात तसा दुसरा भंडाराच नव्हता.

"आणि बांगड्या?"

"जोगतीण म्हटली की माझ्या डोळ्यापुढं तीच येते, लहानपणी दारात यायची ती. कपाळभर मळवट, हातभर चुडा. तीच सांगितली मी." त्या थांबल्या. "मी कुणाचं नाव घेतलं नाही अवंती. म्हटलं, कुणीतरी भिकारीण, कुठं सापडणार आहे? कुणाचं काय जाणार?"

"तुम्ही नाव घेतलं नाहीत, म्हणून गल्लीनं घातलं. तिची परडी पोलीस चौकीत आहे माई. ती भुईला टेकू नये म्हणून दुपारपासून मांडीवर घेऊन बसलीये. तुम्हाला दिसलं नसेल म्हणून बोलला नाहीत, असं समजतीये ती अजून."

माईंनी डोळे मिटले. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते ऐकणं त्यांना जमलं नाही.

"इतकी वर्षं परडीत घातलं," त्या म्हणाल्या. "परडीच बघितली. तिच्या हाताकडं कधी बघितलंच नाही ग."

बाहेर दत्तप्रसादच्या गाडीचा आवाज आला. माई उठल्या. अवंतिकाबाईंनी हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. भिंतीला धरत त्या दारापर्यंत गेल्या आणि कित्येक वर्षांत त्या घरात न उच्चारलेलं नाव त्यांनी मोठ्यानं उच्चारलं.

"दत्ता, माळ चोरीला गेली नाही. मी ती स्नेहलला दिली."

६

त्या रात्री दत्तप्रसाद जेवला नाही. पण आईला चौकीत घेऊन तोच गेला, आणि प्रियदर्शनीनं सख्ख्या आईला बोलावं तसं माईंना चार शब्द सुनावले तेव्हा मान खाली घालून उभा राहिला. निलव्वाला सोडलं. ती परडी डोक्यावर घेऊन निघाली. माई तिच्यामागं चौकीच्या दारापर्यंत गेल्या.

पुढचे मंगळवार-शुक्रवार गल्लीत चौंडकं वाजलं नाही. अमरसिंहांनीच एकदा अवंतिकाबाईंना विचारलं, "म्हातारी येईना का हो? नियम तिच्यासाठी न्हवता." पाटी तशीच होती आणि सिग्नलवरचे काच बडवणारे हात जरा कमी झाले होते. ते चांगलंच झालं. पण शुक्रवारची दुपार आता निव्वळ दुपार होती, स्कूटरींची आणि क्लासच्या घंटेची.

एका रविवारी दत्तप्रसादनं गाडी बाहेर काढली आणि आईला म्हणाला, "पन्हाळ्याला गार असेल. शाल घे."  झबलं माईंच्या पिशवीत होतं.

माघातली पौर्णिमा झाली आणि त्यानंतरच्या शुक्रवारी, दुपार कलताना, अवंतिकाबाईंना तो आवाज ऐकू आला. तुंग, तुंग. त्या ओंजळभर जोंधळे घेऊन धावत सुटल्या, नव्या सुनेसारख्या, आणि फाटकाशी थांबल्या.

निलव्वा माईंच्या दारासमोर रस्त्याच्या पलीकडं उभी होती. पाटीवरचा कुठलाच नियम मोडणार नाही इतकी लांब. ती जोगवा मागत नव्हती. माई हातात सूप घेऊन बाहेर आल्या आणि पायरीवरच अडकल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"माई," निलव्वानं हाक दिली. "आता दिसतंय न्हवं नीट?"

"दिसतंय ग."

"मग बघा." तिनं चौंडकं काखेला लावलं आणि दोन्ही हात पुढं केले. मागण्यासाठी नव्हे, हात पालथे होते. मनगटापासून वर, सुरकुतलेल्या कातडीवर, हिरवागार चुडा. "आता हाईत."

माईंनी सूप पायरीवर ठेवलं. रस्ता ओलांडला, येणाऱ्या स्कूटरला हातानं थांबवत. मागणाऱ्यानं अंगाला हात लावू नये, असा नियम होता. देणाऱ्यानं लावू नये, असं त्यात कुठं नव्हतं. माईंनी निलव्वाचं मनगट धरलं आणि डोळ्याजवळ नेऊन एकेक बांगडी पाहत राहिल्या. त्यांच्या बोटांखाली काच हलकेच वाजत होती.